मिकाएला कापड कापू देत नाही

निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, नाहीतर गुडघ्याच्या डॉक्टरकडे. मी ग्वाटेमालाला गेले. हा देश नेमका कुठं आहे हे जायचं ठरेपर्यंत मलाही माहीत नव्हतं, तेव्हा तुम्हाला माहीत नसेल तर संकोच वाटून घेऊ नका. अमेरिकेच्या खाली मेक्सिको, आणि मेक्सिकोच्या खाली हा लहानसा डोंगराळ देश. माया लोक तिथले मूळचे. त्यांच्या बायका कमरेला बांधलेल्या मागावर इतकं देखणं कापड विणतात की बघत राहावं.

मी स्वतः विणकर नाही. नांदेडला मुलींना शिवणकाम शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. शनिवारी मुखेडमार्गे एसटीनं उदगीरला घरी, सोमवारी पहाटे परत, असा संसार केला. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी पल्लवी अमेरिकेत नोकरी करते. दर वर्षी सुट्टी काढून ती ग्वाटेमालातल्या एका तळ्याकाठच्या गावी जाते आणि तिथल्या विणकर बायकांच्या गटाला मदत करते. मालाचे फोटो काढणं, बाहेरच्या दुकानांशी बोलणं, अशी कामं. आदल्या वर्षी त्यांच्या पिशव्या एका दुकानानं परत पाठवल्या होत्या. कापड उत्तम, शिवण उसवलेली.

“मावशी, तू महिनाभर ये,” ती फोनवर म्हणाली. “बायका विणतात सुंदर. पण शिवतात कसं सांगू? पहिल्या वर्षाच्या पोरींचे ब्लाउज हातात घेतल्यावर तू जे तोंड करायचीस ना, तसं.”

आमचे हे, म्हणजे अप्पा, उदगीरला धान्याचं दुकान चालवतात. मला वाटलं होतं ते नको म्हणतील. ते म्हणाले, “जा की. हितं तरी काय करून राहिलीस? नळाकडंच बघून राहिलीस ना.”

ते खरं होतं. त्या वर्षी आमच्याकडे नळ म्हणजे भिंतीवरची शोभा होती. टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. ताटं फडक्यानं पुसायची, आंघोळीचं पाणी परातीत धरून ते संडासाला वापरायचं. अप्पांना मात्र पाण्याच्या जोडीला आणखी एक तहान होती. उदगीर जिल्हा झाला पाहिजे. मी लग्न होऊन आले तेव्हा उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, मग लातूर जिल्हा झाला. घर न हलवता माझे दोन जिल्हे झाले होते, आणि आता अप्पा तिसऱ्यासाठी धरण्याला बसत होते.

सामानात मी दोन मोठ्या कात्र्या घेतल्या, टेप, खडू, सुया, चार सुती साड्या, शेंगदाण्याची चटणी आणि डबाभर कडक भाकरी. विमानतळावरच्या माणसानं भाकरी उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिली, बोटानं वाजवली आणि परत डब्यात ठेवली.

तळं

दोन दिवसांचा विमानप्रवास मी सांगत बसत नाही. पल्लवी विमानतळावर भेटली आणि आम्ही गाडीनं डोंगर चढायला लागलो. एका वळणावर झाडी संपली आणि खाली अतितलानचं तळं दिसलं. मी गाडी थांबवायला लावली. पल्लवीला वाटलं मला मळमळतंय. तिनं पिशवी काढली, लिंबू काढलं.

“काही झालं नाही,” मी म्हटलं. “बघू दे जरा.”

एका जुन्या ज्वालामुखीच्या पोटात साचलेलं ते पाणी. लोणारचं विवर मी पाहिलं आहे, पण इथं काठावर गावंच्या गावं वसलेली, पलीकडे तीन उंच डोंगर, आणि मधे नुसतं निळं पाणी. नांदेडजवळचं विष्णुपुरीचं धरण मी तुडुंब भरलेलं पाहिलं होतं आणि निघायच्या आधी तळाला गेलेलंही पाहिलं होतं. त्यामुळे मला त्या तळ्याचं कौतुक वाटायच्या आधी जरा रागच आला. एवढं पाणी एकाच ठिकाणी कशाला लागतं माणसाला?

पलीकडे जायला मोटारबोट. उतरलो तर धक्क्यावर रिक्षा उभ्या. अगदी आपल्या रिक्षा, तोच आवाज, तोच धूर, फक्त रंग लाल आणि मागच्या काचेवर येशूचं चित्र. पल्लवी म्हणाली, “आपल्याच देशातून येतात.” एवढ्या लांब येऊन उदगीरच्या बसस्टँडवर उतरल्यासारखं वाटलं. रिक्षावाल्यानं भाडंही जास्तच सांगितलं, मग तर शंकाच उरली नाही.

गावाचं नाव मी सांगत नाही. पुढं घरातल्या गोष्टी येणार आहेत आणि मिकाएलाला ते आवडायचं नाही. मिकाएला म्हणजे जिच्या घरी आम्ही राहिलो ती. माझ्याच वयाची, ठेंगणी, वेणीत रंगीत फीत ओवलेली, हातानं विणलेला लाल झगा-पोलका कमरेच्या लुगड्यात खोचलेला. नवरा मागेच वारला. घरात ती आणि तिची विशीतली मुलगी रोसा. मिकाएला तिथली त्झुतुहिल भाषा बोलायची, रोसा त्याचं स्पॅनिश करायची, पल्लवी स्पॅनिशचं मराठी. साधं “मीठ दे” म्हणायला तीन माणसं लागायची. मला ती दोन्या सुमन म्हणायची, म्हणजे सुमनबाई.

मी मांस खात नाही हे पल्लवीनं आधीच कळवलं होतं. पहिल्या रात्री माझ्यापुढं वाफाळती वाटी आली. मी चमचा घातला तर वर कोंबडीचा पंजा आला. पल्लवीनं समजावून सांगितल्यावर मिकाएलानं अगदी मनापासून माफी मागितली, पंजा काढून घेतला आणि तोच रस्सा परत माझ्यापुढं ठेवला. मांस गेलं होतं ना. शेवटी काळा घेवडा आणि मक्याच्या भाकरी यांवर तडजोड झाली आणि महिनाभर मी तेच आनंदानं खाल्लं.

त्या भाकरी ऐकण्यासारख्या आहेत. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग वाटतात. चुना मला पानाचा आणि भिंतीचा ठाऊक. पण थापणं मात्र आपलंच, दोन्ही तळव्यांत थापट-थापट, आणि मातीच्या तव्यावर टाकणं. फक्त त्यांची भाकरी तळहाताएवढी. मी हौसेनं पीठ घेतलं आणि ज्वारीच्या हिशेबानं थापली. मिकाएलानं ती भाजून घेतली, चेहऱ्यासमोर धरली आणि मागून काहीतरी बोलली. रोसा हसून खाली बसली. भाषांतर माझ्यापर्यंत पोचलं ते असं: “हिच्या गावात एकच भाकरी करतात आणि सगळी गल्ली जेवते.”

माझी चटणी तिनं पहिल्याच दिवशी अर्धी संपवली.

पाण्यातलं घर

सकाळी मी आंघोळ करून गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजेला बसायची. मिकाएला दारातून बघायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, देव गळ्यातच का? मी सांगितलं, आमच्यात प्रत्येकाचा देव प्रत्येकाजवळ असतो. तिनं विचार केला आणि म्हणाली, “बरं आहे. घर गेलं तरी देव जात नाही.”

मग तिनं मला काठावर नेलं. पाण्यात थोडं आत दोन खांब उभे होते, त्यावर एक बगळा बसला होता. ते तिचं जुनं घर. या तळ्यातून बाहेर वाहून जायला नदी नाही. काही वर्षांपूर्वी पाणी चढायला लागलं ते चढतच गेलं. अंगण गेलं, मग चूल, मग छप्पर. गटाचा मोठा मांडवही त्यातच गेला.

“तुझ्याकडे कसं आहे?” तिनं विचारलं.

“आमची घरं आहेत,” मी म्हटलं. “पाणी गेलंय. पाण्यामागं माणसंही जाऊन राहिलीत, पुण्याला, हैदराबादला.”

त्या संध्याकाळी अप्पांचा फोन आला. “टँकर आला का?” मी विचारलं. “न्हाई.” “मग जिल्हा?” “तोबी न्हाई. पर लातूरला आता रेल्वेनं पाणी आणायचं म्हनून राहिलेत.” ही बातमी मी चुलीपाशी सांगितली. भाषांतर होत होत मिकाएलापर्यंत गेलं, तिनं मान हलवली आणि ते परत पाठवलं. रोसानं पल्लवीला विचारलं, पल्लवीनं मला विचारलं, “मावशी, नक्की पाणीच ना? रेल्वेत बसून?” मी हो म्हटलं. मग मिकाएलानं उठून अंगणातल्या धुण्याच्या हौदाचा नळ स्वतःच घट्ट बंद केला. आल्यापासून तो नळ मी दिसेल तेव्हा बंद करत होते आणि ती ‘बाई वेडी आहे काय’ अशा नजरेनं बघत होती. त्यानंतर आम्ही दोघी बंद करायला लागलो.

कात्री

गटाचं काम एका शाळेच्या जुन्या खोलीत चालायचं. डझनभर बायका, दोन शिलाई मशिनी, एक विजेची, एक पायाची. भिंतीपाशी रंगवलेल्या सुताच्या लडी. निळा रंग निळीचा, गुलाबी एका किड्याचा, पिवळा कुठल्याशा फुलाचा.

मी आयुष्यभर जसा वर्ग सुरू केला तसा सुरू केला. टेबलावर कापड पसरलं, टेपनं माप घेतलं, खडूनं रेघ मारली आणि कात्री उचलली. कात्री कापडाला लागायच्या आत मिकाएलाचा हात आडवा आला. तो पूर्ण पंजा तिनं कापडावर पसरून ठेवला, लेकराच्या पोटावर ठेवावा तसा.

पल्लवीनं घाईघाईनं सांगितलं. त्या म्हणतात, कापडाला सुरुवात असते आणि शेवट असतो. मागावर ते जेवढं जन्माला येतं तेवढंच राहतं. चारी बाजूंनी किनार बंद असते. ते कापायचं नसतं.

“मग पिशव्या कशा केल्या होत्या?”

त्या आदल्या वर्षी कुणी परदेशी बाई येऊन मोठाली कापडं कापून शिवून गेली होती. बायकांना ते आवडलं नव्हतं, पण पाहुणीला कसं बोलायचं म्हणून गप्प बसल्या. कापलेल्या कडा मग सुटत गेल्या.

मला राग आला नाही असं सांगणार नाही. एवढा समुद्र ओलांडून आले आणि माझ्या विषयाचं नावच कटिंग. पण कात्री खाली ठेवावी लागली. पुढचे चार-पाच दिवस मी विद्यार्थिनी झाले. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं माझ्या कमरेला, आणि मी गुडघ्यावर. कंबर मागं रेटली की ताण बसतो, पुढं झुकलं की सुटतो. माझी कंबर तीस वर्षं खुर्चीत बसलेली, तिला हे मान्य नव्हतं. मी विणलेली पट्टी वर रुंद, मधे बारीक आणि शेवटी परत रुंद झाली. मिकाएलानं ती बघितली आणि तिच्या साऱ्या मैत्रिणींना दाखवायला घेऊन गेली. दोन दिवस ती पट्टी गावात फिरत होती.

पण ती पट्टी विणता-विणता माझ्या लक्षात आलं की चारी किनारी बंद असतील तर कापायचं कारणच नाही. पिशवीच्या मापाचं कापडच विणून घ्यायचं, दुमडायचं, दोन बाजूंना दुहेरी शिवण, वरती चेन. सुटायला कड उरतच नाही. मी कागद दुमडून दाखवला. मिकाएलानं कागद हातात घेतला, उलगडला, पुन्हा दुमडला. “हे चालेल,” ती म्हणाली. मला नोकरीत कायम केल्याचा हुकूम मिळाला तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता. त्या दिवसापासून आम्ही चेन बसवायला लागलो.

माझ्या साडीवर मात्र तिचा फार जीव. सकाळी मी नेसायला घेतली की ती येऊन उभी राहायची. एवढं लांब कापड, कुठं शिवण नाही, कुठं काप नाही, आणि अख्खी बाई झाकते. “तुमच्याकडच्या बायकांना कळतं,” ती म्हणायची.

सिगार ओढणारा देव

मधल्या एका रविवारी रोसा आम्हाला बोटीनं तळ्याकाठच्याच सान्तियागो गावाला घेऊन गेली. तिथं एका घरात एक लाकडी देव बसवलेला आहे. डोक्यावर टोपी, गळ्यात ढीगभर रेशमी रुमाल, आणि तोंडात पेटती सिगार. एक माणूस शेजारी बसून राख झटकतो. लोक दारू आणतात, नवस बोलतात. देव दर वर्षी नव्या घरी राहायला जातो. पल्लवीला वाटलं मी नाक मुरडेन. मला तर सगळं ओळखीचं वाटलं. आपल्याकडे काय कमी देव आहेत ज्यांना आपण खातो तेच लागतं? मी एक मेणबत्ती लावली आणि अप्पांचा जिल्हा मागून टाकला. देव धूर सोडत राहिला.

परत येताना दुपारचा वारा सुटला. या तळ्यावर दुपारनंतर वारा येतोच, आणि आला की बोट दणादण आपटते. आम्ही तिघी चिंब भिजलो. मी बाक घट्ट धरून बसले होते. त्या गडबडीत रोसा माझ्या कानाशी येऊन बोलायला लागली आणि पल्लवी पलीकडून ओरडून मराठी करत होती.

“माएस्त्रा, मला कापायला शिकवा.”

माएस्त्रा म्हणजे बाई, शिकवणाऱ्या. मी विचारलं, आई काय म्हणेल?

“मला विणता येतं,” रोसा म्हणाली. “पण मला जन्मभर गुडघ्यावर बसायचं नाही. मला माप घेऊन शिवायचंय. इथं कोण शिकवणार? ईस्टर झाला की माझी मावसबहीण उत्तरेला निघणार आहे. मीही जाणार. तिकडं शिलाईचे कारखाने आहेत.”

उत्तरेला म्हणजे अमेरिकेत, चोरवाटेनं, पायी. पल्लवीनं हे मराठीत सांगितलं आणि मग तीच खाली बघायला लागली. पल्लवी अमेरिकेला निघाली तेव्हा आम्ही मुखेडला थोरल्या बहिणीच्या गल्लीत पेढे वाटले होते.

इरकल

मी शिकवायला सुरुवात केली. दुपारी मिकाएला सूत रंगवायला गेली की वर्तमानपत्रावर मापं काढायची, कागद कापायचे. पोरगी हुशार. बाहीचा गोल नांदेडच्या मुलींना महिना-महिना जमायचा नाही, हिनं तिसऱ्या दिवशी काढला. मग एक जुनी चादर कापली. तिथंच सापडलो. मिकाएला लवकर घरी आली.

ती ओरडली नाही. कागदाचे तुकडे तिनं गोळा केले, चुलीत घातले आणि पाठमोरी बसून बोलली. रोसा त्याचं स्पॅनिश करेना, तेव्हा पल्लवीला तिला तीनदा विचारावं लागलं.

“ती म्हणते, दोन्या सुमननं हिला कापायला शिकवलं. आज कापड कापेल, उद्या मला.”

त्या रात्री जेवण झालं, पण चटणीला कुणी हात लावला नाही.

सकाळी मी अंगणात चटई टाकली. माझ्या चार साड्यांतली एक हिरवी सुती इरकल होती, लाल पदराची. ती घडी घेऊन बसले, रोसाला बोलावलं आणि खडू तिच्या हातात दिला. चोरून शिकवणं मला जमलं नव्हतं, आणि पटलंही नव्हतं. मिकाएला बाहेर आली. साडी जमिनीवर पसरलेली, माझ्या हातात कात्री. ती धावतच आली.

“ते नको,” ती म्हणाली. एवढं मला भाषांतराशिवाय कळलं.

“तुझ्या कापडाला मी कधी कात्री लावणार नाही,” मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, पल्लवीचं भाषांतर मागून धावत होतं. “हे माझं आहे. पण हिला शिकायचंय, मिकाएला. तू नको म्हटलंस तरी ती शिकणार, इथं नाहीतर तिकडं. इथं शिकू दे. तुझ्यासमोर शिकू दे.”

ती उभीच राहिली. मी कात्री रोसाकडे दिली. रोसानं कापायला सुरुवात केली आणि मऊ सूत कात्रीच्या पात्यात गोळा व्हायला लागलं. कापड ढिलं असलं की सरळ कापलं जात नाही. मी पुढं सरकणार तेवढ्यात मिकाएला गुडघ्यावर बसली, साडीचं पलीकडचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि मागं रेलून ताणून धरलं, मागावर धरायची तसं. कात्री सरळ चालली. तिनं तोंड दुसरीकडे वळवलं होतं, पण कापड सोडलं नाही.

काय शिवायचं ते रोसानंच ठरवलं. तिथल्या बाजारातल्या बायका लुगड्यावर एप्रन बांधतात. झालर, खिसे, चुण्या, नटवा असेल तेवढा चांगला. हिरव्या अंगाचा, लाल पदराच्या खिशाचा एप्रन तिनं पायाच्या मशिनीवर दोन दिवसांत शिवला. एक चुणी मी तिला चारदा उसवायला लावली. मिकाएलानं तो लांबून पाहिला. मग जवळ येऊन खिशात हात घातला आणि म्हणाली, “लहान आहे. सुट्टे पैसे राहतील, फोन राहणार नाही.” रोसानं खिसा उसवला आणि मोठा केला.

पानाहाचेलचा रस्ता

तळ्यापलीकडे पानाहाचेल नावाचं गाव आहे, सगळे प्रवासी तिथं उतरतात. एका लांबलचक रस्त्यावर दोन्ही बाजूंना कापडाची दुकानं. मिकाएला तिथं आठवड्यातून एकदा फळी मांडते. त्या दिवशी मीही गेले. घासाघीस करण्यात मी स्वतःला तरबेज समजत होते, पण पलीकडच्या बाजूनं कधी बसले नव्हते. एका उंच गोऱ्या माणसानं पिशवीचा भाव निम्म्यावर आणला तेव्हा मी त्याला अस्सल उदगिरी मराठीत सुनावलं. “ओ दादा, विनायला बस मंग कळल.” त्यानं हसून पूर्ण पैसे दिले. कदाचित घाबरला असेल.

मिकाएलानं एप्रन बांधला होता. घरून निघताना नव्हता. बोटीत बसल्यावर तिनं पिशवीतून काढला आणि बांधला. रोसानं पाहिलं आणि तळ्याकडे बघत बसली.

शेजारच्या फळीवरची बाई आली, एप्रनची झालर दोन बोटांत धरून बघितली. मग तिच्या पलीकडची. असं कापड कुठलं, कुणी शिवलं. मी जवळच होते. मला वाटलं मिकाएला माझ्याकडे बोट करेल, कापड भारतातलं म्हणेल. तिनं बोट केलं ते रोसाकडे. “माझ्या मुलीनं,” ती म्हणाली, आणि दुपारपर्यंत तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. एक बाई लगेच कापड विकत घेऊन आली आणि म्हणाली, मलाही शिवून दे. मिकाएला रोसाला म्हणाली, “माप घे.” रोसानं माझ्याकडून टेप मागून घेतला.

भुशाची रांगोळी

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी गावानं रस्ते अंथरले. लाकडाचा भुसा रंगवून त्याची रांगोळी घालतात, घरापासून घरापर्यंत, सबंध रस्ताभर. पुठ्ठ्याचे साचे, पाण्याची फवारणी, पाइनच्या पानांच्या कडा, मधे फुलं. आम्ही पहाटेपासून बसलो होतो. साचा नको म्हणून मी मोकळ्या हातानं कमळ काढायला गेले, पण भुसा रांगोळीसारखा चिमटीतून सुटत नाही. कमळाचं झालं वांगं. बायकांनी त्याला देठ काढून दिला आणि ते वांगं म्हणूनच राहू दिलं.

दुपारी मिरवणूक आली आणि सरळ त्यावरून चालत गेली. मी मिकाएलाचा हात धरला. आमच्याकडे रांगोळीवर पाय पडला तर पोरांना फटका बसतो. ती म्हणाली, “त्यासाठीच घातली.” जांभळे झगे घातलेले लोक खांद्यावर देव घेऊन निघून गेले आणि मागं नुसता रंगीत कचरा राहिला. तो आम्ही झाडला.

त्याच संध्याकाळी रोसानं सांगितलं की तिच्याकडे पाच एप्रन शिवायला आले आहेत. मावसबहिणीला तिनं कळवलं होतं की या वेळी येत नाही. “या वेळी,” ती म्हणाली. पुढचं तिनं काही कबूल केलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोन कात्र्यांतली एक मी तिच्याकडे ठेवली. मिकाएलानं ती कापडात गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवली, का ते मला कळलं नाही.

निघायच्या सकाळी दोघी धक्क्यावर आल्या. मिकाएलानं मला एक कापड दिलं, हातभर रुंद, निळं आणि त्यात बारीक लाल पक्षी. मी तिथं असतानाच तिनं ते विणलं होतं आणि मला कळू दिलं नव्हतं. “माल्तिओश,” मी म्हटलं, म्हणजे धन्यवाद. त्यांच्या भाषेतला तेवढा एकच शब्द मला नीट यायचा. ती बरंच बोलली. रोसानं पल्लवीला सांगितलं, पल्लवीनं नाक पुसलं आणि मला सांगितलं.

“ती म्हणते, आता हे तुझं आहे. कापायचं असेल तर काप.”

बोट सुटली. लांबून दोघी मिकाएलाच्या त्या एकाच हिरव्या एप्रनमध्ये असल्यासारख्या दिसत होत्या, एकमेकींना इतक्या चिकटून.

उदगीरला आले तेव्हा गल्लीत टँकर उभा होता आणि अप्पा घागरींच्या रांगेत होते. त्यांनी मला बघितलं, रांग सोडली नाही, हात केला. मी बॅग ओट्यावर ठेवली आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. जिल्हा झालेला नव्हता.

ते निळं कापड मी खांद्यावर घेते, थंडीत आणि लग्नाकार्यात. बघणाऱ्या बायका हटकून म्हणतात, याचे दोन ब्लाउज पीस निघतील, तुम्ही तर शिवणाच्या बाई. मी नको म्हणते. का विचारलं की चहा ठेवते, कारण सांगायला वेळ लागतो.